मालिकेपूर्वीचा विश्वास

(हीरक महोत्सवी वर्षात, मुलींच्या बास्केटबॉल संघाच्या बाद फेरीच्या पूर्वसंध्येस झालेल्या पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



उद्यापासून आपल्या संघाची बाद फेरी सुरू होत आहे. गेला आठवडाभर शाळेच्या फाटकाशी भेटणारे पालक मला एकच वाक्य ऐकवीत आहेत : "बाई, यंदा चषक आपलाच!" ते ऐकून आनंद होतो आणि थोडी काळजीही वाटते. चाहत्याचा हा विश्वास कशावर उभा असतो आणि खेळणाऱ्याच्या खांद्यावर तो कसा उतरतो, याविषयी आज बोलावे असे मनात आहे. त्यासाठी आपल्याला जरा दूर, कॅनडातील टोरांटो शहरी जावे लागेल.

बास्केटबॉल हा खेळ १८९१ साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे ज्यांनी रचला, ते जेम्स नेस्मिथ मूळचे कॅनडाचेच. आज एनबीए म्हणून ओळखल्या जाणाऱ्या व्यावसायिक स्पर्धेचा पहिला सामनाही १९४६ साली टोरांटोतच झाला. पण तेथील संघ एका हंगामातच बंद पडला आणि त्या शहराला पुन्हा स्वतःचा संघ मिळायला १९९५ साल उजाडावे लागले. त्याचे नाव रॅप्टर्स. बर्फावरील हॉकीचे वेड असलेल्या त्या देशात या नव्या संघाची पहिल्याच हंगामाची तिकिटे घेणाऱ्यांत नव भाटिया नावाचे एक शीख गृहस्थ होते. १९८४ मध्ये दिल्ली सोडून ते कॅनडात गेले होते. शिक्षण यांत्रिकी अभियंत्याचे. पण त्या क्षेत्रात काम मिळेना, म्हणून मोटारी विकू लागले. पुढे व्यवसायात त्यांचा उत्तम जम बसला. पहिल्या हंगामापासून मैदानाच्या कडेला त्यांची पगडी दिसू लागली ती दिसतच राहिली. १९९७-९८ च्या हंगामात रॅप्टर्सने ८२ पैकी अवघे १६ सामने जिंकले. म्हणजे ६६ पराभव! तरीही हे गृहस्थ आपल्या जागेवर हजर. क्लबने त्यांना 'सुपरफॅन' ही उपाधी दिली.

आता प्लेऑफ म्हणजे काय, ते आजी-आजोबांसाठी सांगते. ८२ सामन्यांचा हंगाम संपला की निवडक सोळा संघ बाद फेरीत जातात. तेथे एकाच प्रतिस्पर्ध्याशी सातपर्यंत सामने होतात आणि आधी चार जिंकेल तो पुढे जातो. एका सामन्यात नशीब कोणालाही हात देते. सात सामन्यांत मात्र बलवान संघाला आपले बळ दाखवायला अवसर मिळतो. म्हणूनच मालिकेपूर्वी चाहत्याचे गणित सुरू होते : घरच्या मैदानावर सामने किती, हंगामात समोरासमोर कोण जिंकले, समोरचा मुख्य खेळाडू थकला आहे का. हे गणित चुकीचे नसते. पण ते उत्तराची हमी देत नाही. २००७ साली डॅलस संघाने हंगामात ८२ पैकी ६७ सामने जिंकले होते. बारा हंगामांनंतर प्रथमच बाद फेरीत पोहोचलेल्या आणि ४२ सामने जिंकलेल्या गोल्डन स्टेट संघाने त्यांना पहिल्याच मालिकेत ४-२ असे घरी पाठवले. आमचा विश्वास आहे, एवढाच मजकूर लिहिलेले पिवळे सदरे घालून ओकलंडचे प्रेक्षक बसले होते. पुढच्याच मालिकेत युटाने या गोल्डन स्टेटला ४-१ ने हरवले, हेही सांगायला हवे. नाहीतर गोष्ट फारच गोड होईल.

टोरांटोच्या वाट्याला असा गोडवा फार कमी आला. २००१ मध्ये फिलाडेल्फियाविरुद्धची मालिका सातव्या सामन्यापर्यंत गेली. संघ एका गुणाने मागे, शेवटचे क्षण, आणि चेंडू सर्वांत लाडक्या खेळाडूच्या, व्हिन्स कार्टरच्या हातात. त्याच दिवशी सकाळी तो आपल्या विद्यापीठाच्या पदवीदान समारंभाला जाऊन आला होता. त्याने फेकलेला चेंडू आत गेला नाही. ८८-८७. त्या पदवीदानावरून पुढे त्याच्यावर टीकाही झाली. शिक्षिका म्हणून मला ती मुळीच पटत नाही!

खरी कसोटी पुढे आली. २०१६ च्या आणि २०१७ च्या बाद फेरीत क्लीव्हलँडने, म्हणजे लेब्रॉन जेम्सच्या संघाने, रॅप्टर्सना बाहेर काढले. २०१८ चे चित्र मात्र निराळे होते. रॅप्टर्सने ५९ सामने जिंकून पूर्व विभागात पहिला क्रमांक मिळवला होता, आणि क्लीव्हलँडला पहिल्याच मालिकेत सात सामन्यांपर्यंत झुंजावे लागले होते. टोरांटोच्या चाहत्यांपाशी आत्मविश्वासासाठी इतकी सबळ कारणे यापूर्वी कधीच नव्हती. पहिला सामना घरच्या मैदानावर, जादा वेळेत, ११३-११२ असा एका गुणाने गेला. तिसऱ्या सामन्यात अखेरच्या क्षणी लेब्रॉनने एका हाताने फेकलेला चेंडू फळ्याला लागून आत पडला. मालिका ४-० अशी संपली. प्रशिक्षक ड्वेन केसी यांना पदावरून दूर केले गेले आणि पुढच्याच महिन्यात त्यांना त्या वर्षीचा सर्वोत्तम प्रशिक्षक हा किताब मिळाला. नऊ हंगाम संघासाठी खेळलेल्या डीमार डीरोझनला दुसऱ्या संघाकडे देऊन टाकण्यात आले.

या डीरोझनपाशी मला थोडे थांबायचे आहे. त्याच वर्षी फेब्रुवारीत, म्हणजे ही मालिका सुरू होण्याच्या कितीतरी आधी, आपल्याला नैराश्याने ग्रासले आहे असे त्याने जाहीरपणे सांगितले होते. आघाडीच्या खेळाडूने असे बोलणे तेव्हा फारच दुर्मिळ होते. त्या नैराश्याचे मूळ प्रेक्षकांत होते असे मी म्हणणार नाही. तसे म्हणण्याचा मला अधिकार नाही. पण एवढे निश्चित, की वीस हजार माणसे "यंदा आपणच" असे ओरडतात तेव्हा ते ओरडणे झेलणारी माणसे मोजकी पाचच असतात, आणि त्यांतल्या कोणाच्या मनात त्या दिवशी काय चालले आहे हे बाहेरून दिसत नाही. पालकहो, तुमच्या घरी हा आवाज वीस हजारांचा नसतो, दोघांचाच असतो. पण तो फार जवळून येतो.

पुढचे वर्ष २०१९. डीरोझनच्या बदल्यात आलेला कवाय लिओनार्ड दुखापतीमुळे आदल्या हंगामात नऊच सामने खेळला होता, आणि तो टोरांटोत वर्षभराहून अधिक राहील याची खात्री नव्हती. विश्वासाची कारणे आदल्या वर्षापेक्षा कमीच झाली होती. त्यात बाद फेरीचा पहिलाच सामना ऑरलँडोविरुद्ध घरच्या मैदानावर गमावला. "झाले, पुन्हा तेच," असे त्या रात्री शहरात किती जणांना वाटले असेल! पण पुढचे चारही सामने जिंकले. नंतर पुन्हा फिलाडेल्फिया, पुन्हा सातवा सामना, पुन्हा अखेरचा चेंडू. बरोबरी ९०-९०. लिओनार्डने कोपऱ्यातून फेकलेला चेंडू रिंगच्या काठावर एकदा, दोनदा, तीनदा, चारदा उसळला आणि आत पडला. अठरा वर्षांपूर्वी कार्टरने फेकलेलाही चेंडूच होता. त्या चाहत्यांचा विश्वास तेव्हा काही कमी नव्हता. चेंडूला कोणाचा विश्वास कळत नाही, हे खेळाने इतक्या स्पष्टपणे क्वचितच सांगितले असेल.

त्यापुढे मिलवॉकीविरुद्ध पहिले दोन्ही सामने हरून मग सलग चार जिंकले, आणि १३ जून २०१९ रोजी गोल्डन स्टेटला सहाव्या सामन्यात ११४-११० असे हरवून रॅप्टर्स विजेते झाले. कॅनडाच्या संघाला हा मान प्रथमच मिळाला. त्या मिरवणुकीत नव भाटिया अग्रभागी होते, आणि पुढे खेळाडूंबरोबर त्यांनाही विजेतेपदाची अंगठी देण्यात आली. २०२१ मध्ये स्प्रिंगफील्डच्या नेस्मिथ स्मारक दालनात त्यांना स्थान मिळाले. केवळ प्रेक्षक म्हणून तेथे पोहोचलेले ते पहिलेच. आपण महाराष्ट्राबाहेर राहून घरची भाषा जपणारी माणसे. परक्या शहराचा संघ आपला मानणे आणि पगडीही डोक्यावर ठेवणे यात काय लागते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

त्यांना अंगठी कशासाठी मिळाली? त्यांनी एकही बास्केट केली नव्हती. निकालाचे अचूक भाकीत केले म्हणावे, तर सलग २३ हंगाम ते चुकले होते. मला वाटते, मालिकेपूर्वीचा त्यांचा विश्वास हे संघाविषयीचे विधान नव्हतेच. ते स्वतःविषयी दिलेले वचन होते : मी येईन, शेवटचा भोंगा होईपर्यंत बसेन, उद्याही येईन. संघ काय करील हे प्रेक्षकाच्या हाती नसते; आपली जागा रिकामी राहू न देणे मात्र असते. ६६ पराभवांच्या वर्षी त्यांनी हे वचन पाळले, म्हणून २०१९ च्या जल्लोषाला वजन आले. विजयाच्या रात्री चौकात हजारो माणसे नाचतच असतात!

मुलींनो, तुमच्या संघाविषयीही दोन शब्द. उद्या समोर गेल्या वर्षीचा विजेता संघ आहे. त्यांच्या दोन खेळाडू आपल्या सर्वांत उंच मुलीपेक्षाही उंच आहेत, हे मी पाहिले आहे आणि तुम्हीही पाहिले आहे. आपले फ्री थ्रो चांगले पडतात, आणि दुसऱ्या सत्रात आपण धावायला कमी पडत नाही. तीनपैकी दोन जिंकायचे आहेत, म्हणजे एक हरण्याची मुभा नियमांनीच दिली आहे.

पालकांना एक सूचना. बस उद्या सकाळी सव्वासात वाजता शाळेच्या फाटकातून निघेल. संघ, शिक्षक आणि साहित्य धरून अठरा जागा रिकाम्या आहेत. ज्यांना यायचे असेल त्यांनी आज जाण्यापूर्वी क्रीडाशिक्षकांकडे नाव द्यावे. तिन्ही दिवसांसाठी द्यावे.