जांभळ्या ड्रिलचा मोह

सुरतेच्या उधना भागात खानदेशातून आलेले अनेक मराठी तरुण कारखान्यांत राबतात. तेथील माझ्या एका विद्यार्थ्याने ॲल्युमिनियमसाठी महागडे, जांभळ्या झिलईचे ड्रिल घेतले. ते भोकातच अडकून मोडले. दिवसाचा रोज गेला.

ॲल्युमिनियम मऊ खरे. पण तापले की धारेला चिकटते, पन्हळी बुजतात. त्या जांभळ्या लेपातही बहुधा ॲल्युमिनियमच असते, मग सजातीय सजातीयास सोडील कसे? पोलादाला तो लेप उत्तम. येथे मात्र लेपाविना, हायस्पीड पोलादाचे, रुंद व गुळगुळीत पन्हळींचे, सुमारे ४० अंश पिळाचे ड्रिल मागावे. टोकाचा कोन नेहमीच्या ११८ऐवजी १३० अंश असल्यास बरे. झिलईचे पैसे वाचतात, हे वेगळेच! भोक पाडताना रॉकेलचे थेंब सोडावेत आणि ड्रिल वारंवार वर घेऊन कीस झटकावा.