माध्यमिक शाळेच्या उंबरठ्यावरील मातृभाषा
(व्याख्यानाचा मजकूर)



सोयगाव तालुका अजिंठ्याच्या डोंगररांगेत, खानदेशाच्या सीमेवर वसलेला आहे. येथे प्रमाण मराठीबरोबरच अहिराणी वळणाची बोली, तांड्यावरील गोरमाटी, उर्दू आणि व्यापारी घरांतील मारवाडी कानी पडते. मात्र माध्यमिक शाळेच्या वर्गात पाऊल ठेवताच यांपैकी बहुतेक बोली मुक्या होतात. घरी आजीशी मोकळेपणाने बोलणारा मुलगा वर्गात उत्तर देताना अडखळतो आणि त्याचे अडखळणे हे अज्ञान समजले जाते.

हे दुःख मराठवाड्याला नवे नाही. निजामी राजवटीत मराठी मुलाला प्राथमिक वर्गात मातृभाषा मिळे. पुढे माध्यमिक शिक्षणात उर्दूचे प्राबल्य होते. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. एका भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो प्रयोग मोठा होता. परंतु ज्यांची ती मातृभाषा नव्हती, त्यांच्यासाठी वाट खडतर झाली. अशा काळात हैदराबादची विवेकवर्धिनी (१९०७), औरंगाबादची सरस्वती भुवन (१९१५), हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा (१९२१) अशा संस्था समाजाने स्वकष्टाने उभ्या केल्या. शासनाने जे दिले नाही, ते लोकवर्गणीने आणि त्यागी शिक्षकांनी दिले.

१ नोव्हेंबर १९५६ हा दिवस या दृष्टीने लक्षणीय आहे. त्या दिवशी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि येथील मराठी भाषक बहुसंख्यांच्या राज्यात सामील झाला. त्याच दिवशी अमलात आलेल्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-क हे कलम राज्यघटनेत समाविष्ट झाले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे ते सांगते. परंतु केवळ प्राथमिक टप्प्यापुरते. म्हणजे निजामी काळात मराठी मुलाची वाट जेथे अडत होती, नेमकी तेथेच या कलमाचीही मर्यादा येते.

पुढील शिक्षणात उर्दू, गुजराती, सिंधी, कन्नड, तेलुगू यांना महाराष्ट्राच्या शालांत परीक्षेत स्थान आहे. अहिराणी, गोरमाटी व मारवाडीला ते नाही. २०११ च्या जनगणनेत तर मारवाडी आणि लमाणी या दोन्ही बोलींची गणना हिंदीच्या अंतर्गत झाली. पेढीवरची भाषा आणि तांड्यावरची भाषा, दोघींचे नशीब असे एकच आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने किमान पाचवीपर्यंत आणि शक्यतो आठवीपर्यंत घरची भाषा अथवा प्रादेशिक भाषा माध्यम असावी, त्यानंतरही ती शक्य तेथे विषय म्हणून शिकवावी, असे म्हटले आहे. ‘शक्य तेथे’ या दोन शब्दांत सारी अडचण सामावली आहे. शिक्षक, पुस्तक आणि पुरेसे विद्यार्थी नसतील, तर लहान गावात ते ‘शक्य’ कधीच होत नाही.

जैन परंपरेला हा विचार परका नाही. भगवान महावीरांनी उपदेशासाठी विद्वानांची संस्कृत नव्हे, तर लोकांना समजणारी अर्धमागधी स्वीकारली, अशी परंपरेची श्रद्धा आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीबरोबर प्राकृतलाही अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. अर्धमागधी हा शालांत परीक्षेचाही विषय आहे. आगमांच्या भाषेचा अभिमान बाळगणाऱ्या समाजाने शेजारच्या मुलाच्या बोलीला गावंढळ म्हणावे, हे त्या वारशाशी विसंगत ठरेल.

राज्यघटनेच्या २९ व्या कलमाने प्रत्येक समाजघटकाला आपली भाषा व लिपी जतन करण्याचा हक्क दिला आहे. हक्क कागदावरून वर्गात आणण्याचे काम मात्र समाजाचे असते. आठवड्यातून एक तास पुरेसा आहे. घरातील वडीलधाऱ्यांच्या म्हणी, गाणी, कहाण्या मुलांनी देवनागरीत लिहून काढाव्यात. तांड्यावरच्या मुलांनाही त्याच सतरंजीवर सन्मानाने बसवावे. यासाठी शासननिर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही. १९१५ साली औरंगाबादेत कोणी ती पाहिली नव्हती.

ज्या समाजाच्या पूर्वजांनी परभाषेतील शाळेचा जाच सोसला, त्या समाजाच्या शाळेत कोणाचेही मूल आपल्या आईच्या बोलीची लाज बाळगणारे निपजू नये, एवढीच अपेक्षा.

जय जिनेंद्र!