विद्यार्थ्याची साक्ष आणि महाविद्यालयाची जबाबदारी

(शिक्षक व युवक कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



महाविद्यालय अर्ध्यावर सोडणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आपल्या भाषेत ‘गळती’ हा शब्द रूढ झाला आहे. छप्पर गळते, नळ गळतो, तसा विद्यार्थी गळतो. या शब्दाला कर्ता नाही, म्हणून जबाबदारही कोणी नाही. विद्यार्थी निघून गेल्यावर हजेरीपटावर लाल रेघ ओढायची आणि ‘घरची परिस्थिती’ एवढे म्हणून मोकळे व्हायचे, ही आपल्या संस्थांची जुनी रीत. तो जाण्यापूर्वी त्यालाच काही विचारता येईल का, याविषयी मला आज बोलायचे आहे. आपले बळ काय, उणीव काय, अडचण कोणती, हे विद्यार्थ्याने स्वतः सांगावे आणि त्या आधारे प्राध्यापकाने त्याला सल्ला द्यावा, या पद्धतीस स्वमूल्यमापन म्हणतात. पद्धत चांगली आहे. मात्र उत्तर हाती आल्यावर संस्था काय करते, यावर तिचे सारे मोल ठरते, असे माझे प्रतिपादन आहे.

अमेरिकेत १९६६ पासून महाविद्यालयात नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्यांची देशव्यापी पाहणी होत आली. तीत विद्यार्थी आपल्या लेखनाला, गणिताला, आत्मविश्वासाला स्वतःच श्रेणी देतो. पुढे अभ्यासाच्या सवयी, वेळेचे नियोजन, परीक्षेची धास्ती मोजणाऱ्या छापील प्रश्नावल्या निघाल्या आणि त्यांचा व्यापारही सुरू झाला. आपल्याकडे नॅकच्या मूल्यांकनाने ‘मेंटॉर’ आणला. किती विद्यार्थ्यांमागे एक मेंटॉर, ‘मंदगती’ विद्यार्थ्यांसाठी काय केले, हे संस्थेला लिहून द्यावे लागू लागले. परिणामी अनेक ठिकाणी समितीच्या भेटीआधीच्या पंधरवड्यात प्रश्नावल्या भरून घेण्याची धांदल उडते. मुलगा सगळीकडे पाचपैकी पाच गुणांची खूण करतो. ‘मंदगती’ असा शिक्का कोणाला हवा असेल?

यावर एक शास्त्रीय आक्षेपही आहे. कॉर्नेल विद्यापीठातील क्रूगर आणि डनिंग या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये दाखवले की, चाचणीत तळाशी असलेले विद्यार्थीच स्वतःला सरासरीहून वरचे समजत होते. मग अशांची साक्ष काय कामाची? मला हा निष्कर्ष उतावीळ वाटतो. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात मी चाचणीपूर्वी अपेक्षित गुण लिहून घेत असे आणि निकालानंतर ती चिठ्ठी विद्यार्थ्यापुढे ठेवत असे. पंधरा गुणांची खात्री बाळगणाऱ्याला चार पडत. पाचाची आशा धरणाऱ्या मुलीला तेरा मिळत. गुणपत्रिका पाहून आपण पहिल्याचीच काळजी करतो. प्रत्यक्षात धोका दुसरीलाही तेवढाच असतो. घराण्यातून प्रथमच महाविद्यालयात आलेली ती मुलगी पुढे एखाद्या विषयात नापास झाली, तर ‘ही जागा आपली नव्हेच’ असा अर्थ काढते आणि मुकाट्याने नाव काढून घेते. अपेक्षा आणि निकाल यांतील अंतर, मग ते वरचे असो वा खालचे, हीच सल्लामसलतीची खरी सुरुवात होय. चिठ्ठीवरचा आकडा चुकीचा असला म्हणून ती चिठ्ठी निरुपयोगी ठरत नाही.

शिवाय काही प्रश्न असे आहेत की ज्यांत विद्यार्थ्याची चूक होतच नाही. तू कोणत्या एस.टी.ने येतोस? ती चुकली तर पुढची केव्हा? संध्याकाळी कोणाच्या दुकानात उभा असतोस? घरी स्वयंपाक कोणाकडे? इंग्रजीतले पुस्तक समोर आले तर काय करतोस? या विषयांत तोच तज्ज्ञ. परंतु छापील प्रश्नावलीत हे नसते. ती विचारते, ‘मी वेळेचे नियोजन करतो : नेहमी, कधी कधी, कधीच नाही’. गावाला दिवसाला दोनच गाड्या असतील, तर वेळेचे नियोजन विद्यार्थी करतो की आगारप्रमुख?

उत्तर मिळाल्यावर काय करायचे, याचा एक नमुना न्यूयॉर्कमध्ये आहे. तेथील सिटी युनिव्हर्सिटीने १९७० मध्ये सर्वांना प्रवेश खुला केला आणि आर्थिक अरिष्ट कोसळताच १९७६ मध्ये परंपरेने मोफत असलेल्या शिक्षणावर फी बसवली. त्याच विद्यापीठाने २००७ मध्ये दोन वर्षांच्या पदविकेच्या विद्यार्थ्यांसाठी ‘असॅप’ नावाची योजना सुरू केली. अपुरी पडणारी फी भरून देणे, पुस्तकांसाठी मदत, शहरातील प्रवासाचा मोफत पास, आणि साठ ते ऐंशी विद्यार्थ्यांमागे एक पूर्णवेळ सल्लागार, असे तिचे स्वरूप होते. एरवी तेथे एका सल्लागाराकडे सहाशे वा त्याहून अधिक विद्यार्थी असत. विद्यार्थी बोलला तर ऐकायला माणूस होता आणि त्या माणसाच्या हाती द्यायला काही होते. ८९६ विद्यार्थ्यांची चिठ्ठ्या टाकून केल्यासारखी विभागणी करून या योजनेची पारख झाली. २०१५ च्या अहवालानुसार तीन वर्षांत योजनेतील ४० टक्के विद्यार्थ्यांनी पदविका मिळवली, तर योजनेबाहेरील २२ टक्क्यांनी. दर विद्यार्थ्यामागे खर्च साठ टक्क्यांहून अधिक वाढला, पण पूर्ण झालेल्या दर पदविकेमागचा खर्च मात्र कमी भरला. काटकसरीच्या नावाने शिक्षणाची तरतूद कापणाऱ्यांनी हा हिशेब पाहावा.

महाराष्ट्राला ही कल्पना परकी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढले ते ‘कमवा व शिका’च्या पायावर. विद्यार्थ्याची अडचण ऐकायची आणि तिला संस्थेने उत्तर द्यायचे, हाच तो विचार. आज काय दिसते? अहिल्याबाई होळकर योजनेत ग्रामीण मुलीला एस.टी.चा मोफत पास मिळतो तो बारावीपर्यंत. पदवीच्या वर्गात पाऊल टाकताच तो संपतो; म्हणजे गळतीचा धोका जिथे वाढतो, तिथेच आपण हात काढून घेतो. आणि सल्ला द्यायचा कोणी? तासिका तत्त्वावरील प्राध्यापकाला पैसे मिळतात ते घेतलेल्या तासाचे. तास संपल्यावर मुलीशी अर्धा तास बोलण्याचे त्याला काहीच मिळत नाही, आणि पुढील तासासाठी त्याला दुसऱ्या गावचे महाविद्यालय गाठायचे असते. रिक्त जागा भरण्याची मागणी आपण करतो ती केवळ नोकऱ्यांसाठी नव्हे, हे आपण लोकांना पुरेसे समजावून सांगितलेले नाही.

२०२० च्या शैक्षणिक धोरणाने तर एका वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची मुभा दिली. ज्याला खरोखर जायचे आहे त्याची ती सोय आहे, हे मान्य. पण परिस्थितीने ढकलला गेलेला आणि स्वेच्छेने गेलेला, असे दोघेही त्या एकाच दाराने जाणार आणि एकाच रकान्यात मोजले जाणार. त्यांच्यातला फरक फक्त विद्यार्थीच सांगू शकतो.

म्हणून कार्यकर्त्यांना माझे सांगणे असे. जूनमध्ये प्रवेश झाले की, आपल्या ओळखीच्या प्राध्यापकांकरवी एका कागदावर पाचसहा साधे प्रश्न मराठीत विचारा. जात आणि उत्पन्न विचारू नका. ते कार्यालयात आहेच. भरलेला कागद त्या प्राध्यापकाजवळच राहील, संस्थेच्या फायलीत जाणार नाही, हे मुलांना आधी सांगा. पहिल्या चाचणीनंतर तोच कागद घेऊन प्रत्येकाशी पुन्हा बोलणे व्हावे. वर्गाच्या उत्तरांची बेरीज मात्र झाकून ठेवू नका. कितीजणांची गाडी पहिल्या तासानंतर पोहोचते, कितीजणांकडे एकही पुस्तक नाही, कितीजण रात्री काम करतात, हे आकडे, नावे वगळून, महाविद्यालय विकास समितीपुढे ठेवा. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने या समितीत विद्यार्थी परिषदेच्या अध्यक्षाला व सचिवाला जागा दिली आहे. त्यांनी ते आकडे वाचावेत, प्रत्येक आकड्यापुढे संस्था काय करणार ते विचारावे, आणि मिळेल ते उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे. वाहतुकीचा आकडा घेऊन आगारप्रमुखाकडे जाण्याचे काम आपले.