दप्तरं राखणारा मुलगा

मी मलकापूरचा. कऱ्हाडच्या आसपास तीस वर्षं मुलांना खेळ शिकवले. आज एक कबुली द्यायची आहे.

माझ्या वर्गात पोलिओनं एक पाय अधू झालेला मुलगा होता. खेळाच्या तासाला मी त्याला म्हणायचो, "तू बस रे बाळा, पोरांची दप्तरं राख." मनात दयाच होती. तीन वर्षं तो लिंबाखाली बसून राहिला. कुणी तक्रार केली नाही, त्यानंही नाही.

आमच्या गावातून महामार्गानं कोल्हापूरकडे निघालं, की पाऊण तासात पेठनाका येतो. मुरलीकांत पेटकर त्याच पेठ-इस्लामपूर भागातले. सैन्यातले मुष्टियोद्धे. 1965च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं शरीर लुळं पडलं. उपचार म्हणून ते पाण्यात उतरले आणि पोहतच राहिले.

1968 साली तेल अवीवच्या पॅरालिम्पिकला भारतानं पहिल्यांदा संघ पाठवला. खेळाडू किती? अवघे दहा! पेटकर त्यात होते. 1972 साली जर्मनीत हायडेलबर्गला त्यांनी 50 मीटर मुक्त शैलीचं अंतर 37.33 सेकंदांत कापलं. विश्वविक्रम आणि सुवर्णपदक! ऑलिम्पिक असो वा पॅरालिम्पिक, भारताचं ते पहिलं वैयक्तिक सुवर्ण.

पण लहान संघ मोडायला वेळ लागत नाही. 1976 आणि 1980 या दोन्ही स्पर्धांना भारताचा एकही खेळाडू गेला नाही. ज्यांच्या उमेदीची वर्षं त्यात गेली, त्यांची नावं कुठल्याच यादीत नाहीत. पेटकरांना पद्मश्री मिळाली तीही 2018 साली, सुवर्णपदकानंतर 46 वर्षांनी.

आज चित्र पालटलं आहे. 2024 साली पॅरिसला आपले 84 खेळाडू गेले आणि 29 पदकं घेऊन आले. त्यांतलं गोळाफेकीचं रौप्य सांगली जिल्ह्याच्या आटपाडी तालुक्यातल्या सचिन खिलारींचं. शाळकरी वयात त्यांच्या डाव्या हाताला कायमची इजा झाली होती. त्यांनी गोळा फेकला 16.32 मीटर.

ही बातमी वाचली आणि मला लिंबाखालचा तो मुलगा आठवला. पुढं एकदा तो कऱ्हाडच्या मंडईत भेटला. आता केस पिकलेत त्याचे. मी पेटकरांची गोष्ट सांगितली. तो हसून म्हणाला, "सर, मीपण पोहायचो की कोयनेत. पार पल्याडपर्यंत जायचो. तुम्ही कधी विचारलंच नाही."

श्रोतेहो, त्याच्या हातून पदक हुकलं, असं मी म्हणत नाही. पण त्याचा खेळाचा तास मात्र मी हिरावून घेतला. तुमच्या शाळेत, तुमच्या गल्लीत असं एखादं मूल कडेला बसलं असेल, तर त्याच्या हाती दप्तरं देऊ नका. त्याला एवढंच विचारा, "तुला काय खेळायचंय?"