शेवटचं बिल पावसानंतर

(रौप्यमहोत्सवी समारंभात माजी सेक्रेटरींनी केलेले भाषण)



अध्यक्ष म्हणाले, "पंचवीस वर्षांतली एखादी आठवण सांगा." गणपतीच्या, कोजागिरीच्या आठवणी इतर जण सांगतीलच. मी गच्चीची गोष्ट सांगतो. ती फारशी गोड नाही, आणि तिच्यात चूक माझीही आहे.

सोसायटीचं चौदावं वर्ष होतं. बी विंगच्या वरच्या मजल्यावर ओल यायला लागली होती. तीन कोटेशनं मागवली, सर्वसाधारण सभेत त्यातलं एक मंजूर झालं. जुना कोबा फोडायचा, नवा ब्रिकबॅट कोबा घालायचा, पावसाळी पाइपांकडे शंभराला एक असा उतार द्यायचा, कठड्याच्या कडेने वाटा करायच्या आणि वर चायना मोझॅक, असं काम ठरलं. करारात दोन कलमं होती. गच्चीत पाणी साठवून चाचणी घ्यायची, आणि बिलातले 5 टक्के एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवायचे.

मे महिन्याच्या अखेरीला काँट्रॅक्टर माझ्या घरी आला. "साहेब, माणसं गावाला निघालीत, त्यांचे पैसे द्यायचेत. काम तर तुमच्या डोळ्यांसमोर झालंय." तेव्हा पाण्याची टंचाई होती, आपल्याकडे टँकर येत होते. त्यामुळे चाचणी घेतलीच नव्हती. मला वाटलं, माणूस बरा आहे, कशाला अडवायचं? खजिनदारांना मीच गळ घातली आणि राखीव रकमेसकट चेक दिला.

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला आणि वरच्या मजल्यावरच्या आजींच्या खोलीत छतातून धार लागली. त्यांचा पलंग हॉलमध्ये आणला, खोलीत बादल्या ठेवल्या. काँट्रॅक्टरला फोन केला तर "उद्या माणूस पाठवतो." तो उद्या काही उजाडला नाही. पुढे फोन उचलणंही बंद झालं.

मग ती सभा झाली. जुन्या लोकांना आठवत असेल. कोणी म्हणे कोर्टात खेचा. कोणी म्हणे वरच्या मजल्याचा प्रश्न, आम्ही खालच्यांनी का भरायचं? खरं तर आदर्श उपविधींत स्पष्ट आहे की गच्चीतून पावसाचं पाणी गळून वरच्या मजल्याचं छत खराब झालं, तर ती दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने होते. पण त्या दिवशी कोण ऐकतो! शेवटी आजीच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "भांडण सावकाश करा रे. मी माझ्या खोलीत कधी झोपायचं, तेवढं सांगा." सगळे गप्प झाले. मी तिथेच उठून चेकची हकिकत सांगितली. लाज वाटली, पण सांगितली.

दुसऱ्या दिवशी आधी ताडपत्री बांधली. मग कामाला लागलो. फोन बंद, सगळं लेखी. प्रत्येक पत्र रजिस्टर पोस्टाने, पोच फाइलला. फोटो तारखेनिशी. आपल्याच एका वकील सभासदाने नोटिशीचा मसुदा करून दिला. ग्राहक संरक्षण कायद्यात सहकारी संस्थासुद्धा तक्रार करू शकते, आणि त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते, हे मला त्यांच्याकडून कळलं. नोटीस गेली आणि आठ दिवसांत काँट्रॅक्टर स्वतः आला.

तेव्हा आम्ही एक शहाणपण केलं. वाद न घालता बाहेरचा इंजिनिअर नेमला आणि ऑक्टोबरात काँट्रॅक्टरसमोरच गच्ची तपासून घेतली. तीन दोष निघाले. कठड्याकडच्या वाटा पोकळ वाजत होत्या आणि सांधे सुटले होते. एका पाइपाचं तोंड कोब्यापेक्षा वर राहिलं होतं, म्हणून तिथे तळं साचत होतं. हे दोन्ही त्याचे. तिसरा दोष मात्र आपला होता. काम झाल्यावर आपल्याच काही सभासदांनी सोलर हीटरचे स्टँड बसवताना नव्या कोब्याला आरपार भोकं पाडली होती. कमिटीला विचारलंही नव्हतं.

काही जण म्हणाले, अहवालातलं ते पान त्याला दाखवू नका. आम्ही दाखवलं. तिथून बोलण्याचा सूरच बदलला. तोही म्हणाला, "वाटा माझ्या माणसांनी घाईत केल्या." लेखी समझोता झाला. वाटा आणि पाइपाचं तोंड त्याने स्वखर्चाने करायचं, सोलरखालची दुरुस्ती आणि चाचणीच्या पाण्याचा खर्च सोसायटीने करायचा, आजींच्या खोलीचं प्लास्टर आणि रंग निम्मा-निम्मा. कोर्टाची पायरी चढावी लागली नाही.

काम झाल्यावर पाइपांची तोंडं बंद करून गच्चीत तीन दिवस पाणी उभं ठेवलं. मी रोज सकाळ-संध्याकाळ आजींच्या खोलीत जाऊन छताला हात लावून बघायचो. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "आता हात काढ, चहा घे." पुढच्या पावसाळ्यात पलंग आपल्या जागी होता. आज आजी नाहीत. असत्या, तर हे भाषण लांबलं म्हणून पहिल्यांदा त्याच बोलल्या असत्या.

आता आपली इमारत पंचवीस वर्षांची झाली. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करावं, असं उपविधी सांगतात. म्हणजे मोठं काम पुढे येणारच आहे. नव्या कमिटीतल्या मुलामुलींना माझं एवढंच सांगणं: चाचणी झाल्याशिवाय काम झालं म्हणू नका. गच्चीत खिळा मारायचा तरी लेखी परवानगी घ्या. आणि माणूस कितीही बरा वाटला, तरी शेवटचं बिल पाऊस बघून द्या. त्याने मैत्री तुटत नाही, उलट टिकते. त्या काँट्रॅक्टरची आणि माझी अजून ओळख आहे, ती म्हणूनच.