हिरव्या त्रिकोणात काय लिहिलेले नाही
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



द्राक्षावर डावणी दिसली, बटाट्या-टोमॅटोवर करपा आला की आपण मॅन्कोझेबचा पुडा फोडतो. पुड्यावर हिरवा त्रिकोण असतो. दुकानदार सांगतो, "हिरवा आहे, काही होत नाही." हा हिरवा रंग काय सांगतो आणि काय सांगत नाही, एवढेच आज बोलायचे आहे.

1971 च्या कीटकनाशक नियमांत लाल, पिवळा, निळा, हिरवा असे चार रंग ठरले. रंग ठरतो तो एकदाच दिलेल्या मात्रेवर. तोंडावाटे दिलेल्या औषधाने किलो वजनामागे 50 मिलिग्रॅमच्या आतच निम्मे उंदीर मेले तर लाल. निम्मे मरायला 5000 मिलिग्रॅमच्याही वर लागले तर हिरवा. मॅन्कोझेब या परीक्षेत पास झाले. म्हणजे ते एका झटक्यात जीव घेणारे नाही. याहून जास्त काही तो रंग सांगत नाही.

पण आपण औषध एकदाच मारतो का? हंगामात पुन्हा पुन्हा मारतो आणि वर्षानुवर्षे मारतो. त्यासाठी दुसरी परीक्षा असते. उंदरांचे गट करून दोन वर्षे खाद्यातून कमीजास्त मात्रा देतात. एका गटाला काहीच देत नाहीत. शेवटी यकृत, मूत्रपिंड, थायरॉईड अशा एकेका अवयवाचे वजन करतात, काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात.

मॅन्कोझेबच्या बाबतीत बोट पडले ते गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीवर. मॅन्कोझेबपासून शरीरात ईटीयू नावाचा पदार्थ तयार होतो. पिकावर राहिलेले औषध शिजवतानाही तो तयार होतो. आयोडीनपासून संप्रेरक बनवण्याचे ग्रंथीचे काम तो अडवतो. संप्रेरक कमी पडले की मेंदूखालची ग्रंथी "आणखी बनव" म्हणून हुकूम सोडत राहते. बिचारी थायरॉईड राबून राबून फुगते. जास्त मात्रेच्या उंदरांत तिच्या गाठी झालेल्या आढळल्या.

आता खरे ते सगळे सांगितले पाहिजे. उंदराची थायरॉईड माणसापेक्षा नाजूक असते. उंदराला गाठ झाली म्हणून प्रत्येक फवारणाऱ्याला होईल, असे नाही. भीती घालून सभा जिंकण्याचा धंदा आपला नाही. पण पोटातल्या बाळाचा मेंदू घडायला आईचे थायरॉईड संप्रेरक लागते, हेही तितकेच खरे. युरोपीय संघाने 2020 च्या डिसेंबरात मॅन्कोझेबची मंजुरी पुढे चालू ठेवायला नकार दिला. पुनरुत्पादनाला घातक आणि संप्रेरकांत बिघाड करणारे, ही त्यातली मुख्य कारणे होती. आपल्याकडे 2020 च्या मे महिन्यात केंद्र सरकारने 27 औषधांवर बंदीचा मसुदा काढला, त्यात मॅन्कोझेब होते. 2023 च्या आदेशात संपूर्ण बंदी झालेल्या औषधांत ते आले नाही.

बंदी घाला असे मी म्हणत नाही. स्वस्तातले, बुरशीला सहजी न जुमानणारे औषध काढून घ्यायचे आणि पर्यायाचा खर्च शेतकऱ्याच्या माथी मारायचा, हा न्याय नव्हे. मागणी माहितीची आहे. उंदराच्या कोणत्या अवयवाला काय झाले, हे कंपनीला ठाऊक, नोंदणी समितीला ठाऊक. ज्याच्या पाठीवर पंप आहे, त्यालाच तेवढे ठाऊक नाही! रंगाच्या शेजारी साध्या मराठीत दोन ओळी छापा: दीर्घकाळ अंगात गेल्यास थायरॉईडला धोका, गरोदर बाईने हाताळू नये.

आणि छापून येईपर्यंत आपले आपण करू या. पुडा फोडताना भुकटी उडते, तेव्हा तोंडानाकावर मास्क आणि हातात मोजे हवेतच. उघड्या हाताने द्रावण ढवळायचे नाही. गरोदर लेकीसुनेला फवारणीच्या कामाला आणि फवाऱ्याच्या कपड्यांच्या धुण्याला लावायचे नाही. फवारणी ते काढणी यातले लेबलावरचे दिवस पाळायचे.

ठराव मांडतो: औषधाच्या पुड्यावर अवयवांवरील परिणाम मराठीत छापलेच पाहिजेत. मंजूर असेल तर हात वर करा.