पिकलेले गळू आणि लहान मूल

वैशाखाचा उकाडा वाढला, की बेळगावच्या वडगावात विणकरांच्या घरी एखाद्या लेकराच्या मांडीवर गळू दिसू लागते. “आंबा बाधला,” असे आजी म्हणते. आंबा बिचारा निर्दोष आहे. घामाने ओल्या, खाजवून ओरखडलेल्या त्वचेतून जंतू आत शिरतात. अ‍ॅबर्डीनचे शल्यविशारद अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी १८८०च्या सुमारास गळवांच्या पुवात द्राक्षांच्या घडांसारखे जंतू पाहिले. स्टॅफिलोकॉकस हे त्यांचे नाव त्या घडावरूनच पडले.

घरी प्रथम जवसाचे किंवा भाजलेल्या कांद्याचे पोटीस येते. शेकाने बारीक गळू पुष्कळदा फुटते वा बसते. तेव्हा आजीला अगदीच मोडीत काढू नये. परंतु गळू बोटाला मऊ लागू लागले, की शेकाचे दिवस संपले. मग ते दाबणे वा सुईने टोचणे सर्वथा वर्ज्य. दुकानातून आणलेल्या गोळ्याही येथे लंगड्या पडतात. कारण पुवाभोवती भिंत असते, आत रक्त पोहोचत नाही आणि रक्ताबरोबर जाणारे औषधही नीट पोहोचत नाही.

सुश्रुताने कच्चे गळू कापणारा आणि पिकलेल्याची उपेक्षा करणारा, या दोघांनाही सारखेच दोषी धरले आहे. आईबापांकडून घडतो तो बहुधा दुसरा अपराध. तो निष्काळजीपणाने नव्हे, भीतीने घडतो. शस्त्राची भीती असतेच. त्याहून मोठी भीती रुग्णालयातील मुक्कामाची. माग थांबला की मजुरी थांबते, आणि कांड्या भरणारी आईही अडकून पडते.

साध्या गळवाला असा मुक्काम लागत नाही. बाह्यरुग्ण विभागात जागा बधिर करतात. मूल फारच लहान वा घाबरलेले असल्यास गुंगीचे औषध देतात. त्यासाठी किती वेळ उपाशी ठेवावयाचे, हे आधी विचारून घ्यावे. लहानसा छेद, पुवाचा निचरा, आतील कप्पे मोकळे करणे, पट्टी. काम थोड्या वेळाचे. गुंगी उतरून मूल दूध पिऊ लागले, की बहुधा त्याच दिवशी घरी. दोनएक दिवसांनी जखम दाखवावयास मात्र चुकू नये.

प्रतिजैविकाची जोड उपयोगी पडते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका चाचणीत लहान गळवांचे ७८६ रुग्ण होते. त्यांत मुलेही होती. निचऱ्याबरोबर औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे ८२ ते ८३ टक्के बरे झाले, नुसत्या निचऱ्याने सुमारे ६९. औषधाचे मोल त्यावरून कळते, आणि निचऱ्याचे त्याहून अधिक.

सर्वच गळवे मात्र इतकी सरळ नसतात. दोन-तीन महिन्यांच्या आतील बाळ, तापाने मलूल झालेले मूल, डोळ्याजवळचे, नाकाजवळचे किंवा गुदद्वाराजवळचे गळू, भोवती पसरत जाणारी लाली यांपैकी काही दिसल्यास शेकात एक रात्रही घालवू नये. त्या मुलाला दाखल करावे लागेल. एरवी जखम भरेपर्यंत त्याचा पंचा निराळा ठेवावा, नखे कापावीत आणि पट्टीला हात लावण्यापूर्वी व नंतर साबणाने हात धुवावेत.